काजळी लावलेली किल्ली

दिवाण विसाजीपंतांच्या कचेरीतल्या खिडक्यांना जुनी विलायती कुलपं होती आणि किल्ल्या कधीच्याच हरवलेल्या. ऐन वैशाखात महाराज कचेरी पाहायला येणार म्हटल्यावर दिवाणांना घाम फुटला. त्यांनी दस्तगीर शिकलगाराला बोलावून बजावलं, "दुपारच्या आत खिडकी उघड, नाहीतर गाव सोड!"

दस्तगीरने कोरी किल्ली दिव्यावर धरून तिच्यावर काजळी चढवली, कुलपात घालून हलकेच फिरवली आणि बाहेर काढून निरखली. काजळी जिथे खरवडली होती, नेमकी तिथेच कानस मारली. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस.

दहाव्या खेपेला दिवाण कडाडले, "हे काय चाळे चालवलेस?"

"कुलपाला विचारतोय, सरकार. किल्ली कुठे अडते, ते तेच सांगतं."

"कारागीर म्हणवतोस आणि लोखंडाला विचारतोस? अरे, सात वर्षं मी इथे दिवाण आहे. आजवर एकालाही काही विचारलं नाही!"

तेवढ्यात खट्‌कन कुलूप उघडलं आणि वाऱ्याची झुळूक आत आली.

कानस पुसत दस्तगीर अदबीनं म्हणाला, "ते आत पाऊल टाकताच कळलं, सरकार. एकही खिडकी उघडी नव्हती."