चिमाक्काच्या मुठीतल्या बिया

उंबरपेठ नावाच्या गावात एक आगळं मंडळ होतं. मिसळलेलं वेगळं करणं हाच सगळ्या सभासदांचा धंदा. कुणी खाऱ्या पाण्यातून मीठ काढी, कुणी फुलांतून अत्तर. रायबा झारेकरी सोनारांच्या दुकानांपुढची माती धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढी. आणि चिमाक्का धान्य पाखडी. तिच्या हातात सूप आलं की खडा, काडी, फोलपट आपणहून बाहेर येतं, असं लोक म्हणत. चिमाक्कालाही ते ऐकायला आवडे.

दरवर्षी सुगीनंतर मंडळाचा तीन दिवसांचा मेळावा भरे. प्रत्येकाने आपली रीत सगळ्यांसमोर करून दाखवायची, शंका विचारायच्या, नवख्यांना शिकवायचं. शेवटी ज्याची रीत सरस त्याला मानाची शाल मिळे. चिमाक्का तीस वर्षं मेळाव्याला येत होती. शाल मात्र तिला एकदाही मिळाली नव्हती.

त्या वर्षी मेळाव्याच्या पहिल्याच सकाळी राजाचा कारभारी आला. सरकारी कोठारातल्या दोनशे पोती ज्वारीत धोतऱ्याच्या विषारी बिया मिसळल्या होत्या. त्या ज्वारीची भाकरी खाऊन चार माणसं भ्रमिष्टासारखी बडबडली होती. एक आजोबा तर अर्धा दिवस खांबाशी सोयरीक जुळवत बसले होते. चौघे बरे झाले, पण पुढच्या भाकरीचं काय, हा प्रश्न होताच.

कारभारी म्हणाला, "तीन दिवसांत ज्वारी साफ झाली तर महाराज मंडळाला शाळेसाठी इमारत देतील. नाही झाली तर ती जाळावी लागेल. मग गावाला पुढचे चार महिने कठीण जातील."

मंडळाचे प्रमुख हुसेनभाई अत्तरवाले चिमाक्काकडे वळले. "बाई, हे काम तुमच्या सुपाचं. आम्ही सगळे तुमच्या हाताखाली."

चिमाक्काने पदर खोचला. मीठवाले, अत्तरवाले, रंगवाले, सगळ्यांच्या हातात तिने सुपं दिली. मनगट कसं फिरवायचं ते शिकवलं. रायबाचं सूप उलटं फिरे, तेव्हा सगळे पोट धरून हसत. दोन दिवस पटांगणात सुपांचा आवाज थांबला नाही. हलक्या बिया उडून बाजूला पडत गेल्या आणि मधे ज्वारीची टेकडी उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी वाटायची होती. बाया डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. हुसेनभाईंनी शालीची घडी चिमाक्काच्या शेजारी आणून ठेवली होती. तिने सवयीने टेकडीतून ओंजळभर ज्वारी घेतली, बोटांनी पसरली आणि तिचा हात थबकला. दाण्यांत तीन पिवळट बिया होत्या. चांगल्या भरलेल्या, ज्वारीइतक्याच जड. त्या सुपाने उडणाऱ्या नव्हत्या.

तिने मूठ मिटली. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं तर शाल मिळणार होती, शाळा होणार होती. बोललं तर तीस वर्षांचं नाव सगळ्यांसमोर जाणार होतं. रांगेत पुढे एक बाई कडेवरच्या पोरीला सांगत होती, "आज गरम भाकरी करू हं."

चिमाक्का उठली. "थांबा," ती म्हणाली. "ज्वारी साफ झालेली नाही. माझं सूप कमी पडलं." आणि तिने मूठ उघडली.

आता रायबा हसेल, असं तिला वाटलं. तो जवळ आला आणि बिया निरखून म्हणाला, "चिमाक्का, या चपट्या आहेत. ज्वारी गोल. वजनाने नाही तर आकाराने वेगळ्या होतील. एक घोंगडी आणा."

दोन माणसांनी घोंगडी उतरती धरली. रायबाने वरून ज्वारी हळूहळू सोडली. गोल दाणे घरंगळत खाली गेले, चपट्या बिया लोकरीत अडकल्या. चिमाक्काने डोळे विस्फारून पाहिलं आणि हुकूम सोडला, "गावातल्या सगळ्या घोंगड्या आणा."

रांगेतल्या बायांनीही डबे खाली ठेवून घोंगड्या धरल्या. दिवस मावळायच्या आत दोनशे पोती ज्वारी घोंगड्यांवरून खाली उतरली. मग प्रत्येकाने दुसऱ्याचा ढीग तपासला. एकही बी सापडली नाही.

राजा स्वतः आला. कारभाऱ्याला त्याने विचारलं, "सकाळी साफ म्हणाले होते, आता पुन्हा साफ म्हणतात. भरवसा कसा ठेवायचा?"

कारभारी म्हणाला, "महाराज, जिने सकाळी स्वतःचाच ढीग अडवला, तीच आता साफ आहे म्हणते."

राजाने मान डोलावली आणि शाळेची जागा दाखवायला सांगितलं.

शाल चिमाक्काने आपल्या हाताने रायबाच्या खांद्यावर घातली. मग चूल पेटली. पहिली भाकरी तिने स्वतःसाठी मागून घेतली. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. चिमाक्काने शांतपणे ती संपवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "दुसरी वाढा."

तात्पर्य: आपल्या कामातली चूक जो स्वतः चारचौघांत दाखवतो, त्याच्या मदतीला माणसं धावून येतात आणि त्याच्याच शब्दावर विश्वास बसतो.