कोंडाईचा हात

आपल्या पणज्यांच्याही आठवणीच्या काठावरची ही गोष्ट आहे, बरं का. ओढेगावात तेव्हा वीज नवी होती.

ती वीज गावानं स्वतः आणली होती. लोकांनी मिळून वीज संस्था काढली, खांद्यावरून खांब वाहिले, आणि घराघरातला एकेक जण संस्थेचा मालक झाला. घर माडीचं असो की कुडाचं, मत एकच. कोंडाईचा नवरा खांब उभा करताना त्याखाली सापडून गेला. त्याचं मत तिच्याकडे आलं.

पुढं एका उन्हाळ्यात वीज पुरेना. संस्थेचा चेअरमन रंगराव. त्याची तेलाची गिरणी होती. ओढ्यापल्याडच्या वाडीची माणसं कामाला परमुलखात गेलेली बघून त्यानं सभा बोलावली आणि ठराव मांडला. वाडीची लाइन तोडायची, ती वीज गिरणीला द्यायची. वाडीत मागं राहिलेली म्हातारी आणि लेकरं मोटारीच्या पाण्यावर जगत होती. लाइन तुटली की त्यांना डबक्याचं पाणी प्यावं लागणार, हे सभेत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे गप्प बसले.

एकच हात विरोधात वर झाला.

"कोंडे, तुझी लाइन कोण तोडतंय? घे हात खाली," रंगराव म्हणाला.

"आधी मोजा, मग घेते."

"एका हातानं काय व्हतंय?"

"काय व्हत न्हाई, तर मोजायला का भ्यायलाय?"

रंगराव हसला. 'एकमतानं मंजूर' म्हणाला आणि उठला. माणसं घरी गेली. कोंडाई संस्थेच्या अंगणात तशीच बसून राहिली, हात वर करून.

असं म्हणतात, तो हात खाली आलाच नाही. आधी आधी तिची जाऊ गजरा येऊन तिला घास भरवी, पुढं पुढं कोंडाई तोंडच उघडेना. लाइन तुटली, आणि डबक्याच्या पाण्यानं वाडीत पटकीची साथ शिरली. लेकरं आधी गेली. वाडीतून तिरडी निघाली की कोंडाईचा हात वीतभर वाढे, असं म्हणतात. वाढत वाढत तो कौलांच्या वर गेला आणि त्याची सावली गिरणीवर पडली. आत कितीही दिवे लावले तरी ती सावली हटेना. गडी काम सोडून पळाले.

वाडीची माणसं परतली तेव्हा पुष्कळ घरांना आतून कडी काढायला कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा सभा भरवली. या वेळी सगळे हात वाडीच्या बाजूनं वर झाले. रंगराव एकेक हात मोजत आला आणि शेवटी म्हणाला, "कोंडाईचा एक."

हात खाली आला. गजरानं धावत जाऊन तिला धरलं.

"आवं, ही तर कवाच गार झालीया!"

लाइन जोडली. वाडीत पाणी चढलं. प्यायला फार कोणी उरलं नव्हतं.

ओढेगावच्या संस्थेत अजूनही विरोधातले हात आधी मोजतात. एकही हात वर नसला, तर चेअरमन उभा राहून विचारतो, "कोंडाई, तुमचं काय?" मग तिच्या उत्तरासाठी सभा थांबते. तेवढा वेळ गावातलं कोणी वाडीच्या माणसांकडे बघत नाही.