लुमाबाईची रेघ

ऐका. आजोबांच्या आजोबांनीही जिला पाहिलं नव्हतं, अशा एका बाईची ही गोष्ट.

फार वर्षांपूर्वी सोनकड्याच्या पायथ्याशी, करपेवाडीत लुमाबाई राहायची. कड्यावरचा मध काढून ती पोट भरायची. आवाज असा दणदणीत, की तिनं म्हशीला हाक मारली की डोंगरापलीकडच्या म्हशी ओ द्यायच्या, असं म्हणतात.

त्या काळी रान विरळ होत चाललं होतं. कुणी हिरड्याची झाडं झोडपायचं, कुणी मोहोळं जाळायचं. शेवटी राजानं रानाभोवती दगडांची रांग घातली, राखणदार बसवले आणि वाडीला आत यायची बंदी केली. रान वाचलं, पण वाडीच्या चुली थंड पडल्या. लुमाबाईचा भाऊ दुंदा पाटीभर हिरडा आणताना सापडला. राखणदारांचा नाईक हैबती, त्यानं दुंदाला झोडपून काढलं. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं एकमेकांचं तोंड बघेनात.

मग एका उन्हाळ्यात रानात वणवा लागला. मूठभर राखणदार आगीशी झुंजत होते आणि सगळी वाडी दगडांच्या अलीकडे उभी राहून बघत होती.

"जळू दे," दुंदा म्हणाला. "रान त्यांचं, आगही त्यांची."

"अन् उद्या रान उघडलं, तर राखेत काय वेचशील?" लुमाबाई म्हणाली.

तिनं पदर खोचला, हिरवी फांदी मोडली आणि दगड ओलांडले. आत जाऊन तिनं अशी हाक दिली, की तिन्ही खोऱ्यांतली माणसं कोयते घेऊन धावली. पहिला पोचला तो दुंदाच. हैबती धुरानं खोकत बसला होता. दुंदानं क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग आपला पाण्याचा भोपळा त्याच्यापुढे केला आणि कामाला लागला. सगळ्यांनी आगीच्या वाटेवरचं गवत कापून जमिनीचा लांब पट्टा उघडा केला. तरी ज्वाळा वाकून पलीकडे बघतच होत्या. तेवढ्यात कड्यावरच्या साऱ्या मधमाश्या उठल्या. त्यांच्या पंखांचा असा वारा सुटला, की आग आल्या पावली मागे फिरली, असं म्हणतात.

सगळ्यांची तोंडं काजळली होती. राखणदार कोण, वाडीकर कोण, ओळखू येईना. एक हसला आणि मग हसणं थांबेचना.

हैबती म्हणाला, "बाई, तुमच्याशिवाय हे रान आमच्यानं राखवत नाही."

"आम्हाला तरी रानाशिवाय कुठं जगवतंय?"

तिथंच ठरलं. हिरडा वेचावा, झाड झोडपू नये. मोहोळातला मध घ्यावा, पिलांचा भाग ठेवावा. आणि तो उघडा पट्टा दरवर्षी दोघांनी मिळून साफ करावा. हैबतीनं स्वतः जाऊन राजाला गळ घातली. राजानं मध चाखला आणि मगच मान डोलावली, असं म्हणतात.

आता तिथं अभयारण्य आहे. हिरडा आजही वेचला जातो, वाडी त्यावर जगते. त्या पट्ट्याला सगळे लुमाबाईची रेघ म्हणतात. होळीच्या आधी वाडीकर आणि वनरक्षक ती मिळून साफ करतात आणि तिथंच एका पंगतीत जेवतात. नवा साहेब बदलीवर आला, की बायका त्याच्या हातात विळा देतात.

"आधी रेघ, साहेब. ओळखपाळख मग."

आणि साहेब बाह्या सारून गवत कापायला वाकतो.