शेवटचा आवाज

एका संगणकाच्या पोटात गाभा नावाचा एक मुकादम राहायचा. स्वभावाने भारी संशयी. बटण दाबलं की तो आधी जागा होई आणि मग बाकीच्यांना एकेक करून उठवी.

एके सकाळी पंख्याने "उठलो!" अशी हाक दिली आणि पुढे सगळं ठप्प झालं.

"शेवटचा आवाज तुझा होता. तूच घोळ घातलास," गाभा डाफरला.

"मी तर उठलो, मुकादम. माहितीच्या कोठारातली तबकडी अजून बोललेली नाही, तिला विचारा की," पंखा म्हणाला.

गाभ्याला तो बहाणा वाटला. दुसऱ्या दिवशी त्याने पंख्याला उठवलंच नाही. तरी काम तिथेच अडलं, वर उकाड्याने सगळे भाजून निघाले. शेवटी नाइलाजाने तो कोठाराच्या दाराशी गेला.

"झोपलीस काय गं?"

"कधीची जागी आहे, मुकादम. बाहेरून कुलूप आहे," तबकडी म्हणाली.

सगळे हजर झाल्याशिवाय कोठार उघडायचं नाही, हा नवा हुकूम गाभ्याचाच होता; पण आत कोंडलेली तबकडी हजर होणार तरी कशी? कुणी माल पळवू नये म्हणून किल्लीही त्याच्याच मुठीत होती.

त्याने दार उघडलं. तबकडी गरगर फिरू लागली, पडदा उजळला. पंख्याला उठवायला गाभा स्वतः गेला आणि म्हणाला, "ऊठ रे, घोळ माझ्याच किल्लीचा होता."