कुठल्या फळीवर?

मिरजेतल्या एका वाचनालयाचे अध्यक्ष दादासाहेब गलगले यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि वाचकमंडळाला धडकी भरली. नावं ठेवावीत, तर बसायची खोली त्यांच्याच मालकीची! मंडळाची रीत अशी, की शिफारस करणाऱ्याने पुस्तक योग्य त्या फळीवर ठेवून कारण सांगायचं. कुणी उठेना. दादासाहेबांनी बायकोकडे पाहून डोळे वटारले.

कुमुदताई उठल्या. त्यांनी पुस्तक नेऊन ठेवलं ते कादंबऱ्यांच्या फळीवर.

"अगं, आत्मचरित्र आहे ते!" दादासाहेब गरजले.

"यातला नायक मला फार आवडला," कुमुदताई म्हणाल्या. "आजारी आईच्या उशाशी रात्ररात्र जागतो. अहो, असा कुणी आपल्या घरी असता, तर सासूबाईंच्या आजारपणात माझाही घटकाभर डोळा लागला असता!"