चित्र स्वच्छ दिसत असताना

एकदा एक बाई रत्नागिरीतल्या एका वृद्ध कारागिराकडे जुनी व्हिडिओ कॅसेट घेऊन आली. कारागिराचं नाव मुकुंदकाका. चाळीस वर्षं व्हीसीआर दुरुस्त करण्यात गेलेली, आणि व्हीसीआर जगातून गेले तरी काका काही दुकानातून हलले नव्हते. त्यांच्याकडे विश्राम नावाचा एक शिष्य होता. शिष्य म्हणजे कोणी पोरगा नव्हे बरं का. चाळिशी गाठलेला, डिप्लोमा झालेला, मोबाइल दुरुस्तीला कंटाळून इथे शिकायला आलेला गृहस्थ.

बाईचं नाव सुमेधा. ती म्हणाली, “काका, हे माझ्या बारशाचं शूटिंग आहे. माझी आई जन्मतः बहिरी होती, बोलत नसे. आत्याने माझ्या कानात नाव सांगितलं, ते आईला ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून तिने त्याच पाळण्यापाशी हातांच्या खुणेने मला आपल्या मनातलं नाव दिलं. मी तीन वर्षांची असताना ती गेली. ती हातांनी काहीतरी करायची, एवढंच बाबांना आठवायचं. आता बाबाही नाहीत. येत्या रविवारी माझ्या मुलीचं बारसं आहे. तिचं नाव ठेवण्याआधी मला माझं नाव कळायला हवं.”

विश्रामने कॅसेटचं झाकण उचललं आणि त्याचा चेहराच उतरला. टेपच्या कडेला पांढरी बुरशी चढली होती. कोकणातली हवा, दुसरं काय होणार.

काका दोन दिवस त्या टेपची बुरशी पुसत बसले. मग सुमेधेला बोलावून म्हणाले, “ही टेप एकदाच चालेल. आतला थर सुटत चाललाय. आधी बघू आणि मग कॉपी करू, असं नाही. जे दिसेल ते त्याच वेळी उतरवून घ्यायचं.”

आता माझ्या वाचकांपैकी कितीजणांनी व्हीसीआरच्या पोटात डोकावलं आहे, कोण जाणे. मी डोकावलो आहे आणि घरच्यांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. आत वाटीएवढा एक चकचकीत ड्रम असतो. त्याच्या कडेला तिळाहूनही लहान अशी दोन टोकं असतात, तीच हेडं. ड्रम मिनिटाला दीड हजार फेरे घेतो, टेप त्याला तिरकी लपेटून सरकते, आणि त्या दोन तिळांच्या स्पर्शातून सगळं चित्र उमटतं. आवाज वाचणारं हेड वेगळं असतं, ते जागचं हलत नाही. म्हणून ड्रमवरचं हेड मळलं की चित्राच्या जागी मुंग्या येतात आणि आवाज मात्र खुशाल चालू राहतो. इतरांना तेवढाही आधार पुरला असता. सुमेधेच्या आईचं बोलणं सारं हातांत होतं, इथे आवाज काय कामाचा?

काकांनी यंत्र सुरू केलं. पडद्यावर रंग थरथरले आणि एकदम चित्र लागलं. फुलांनी सजवलेला पाळणा, हिरव्या साड्या, घुगऱ्यांची परात. विश्रामला इतका आनंद झाला की त्याने टेबलावर थाप मारली. सुमेधा खुर्चीच्या टोकाला सरकली. तिची दोन बोटं छातीवर टकटक करत होती. विश्रामने तिच्याकडे पाहिलं तशी ती ओशाळून म्हणाली, “घाबरले की होतं असं. शाळेत बाई ओरडायच्या, पण सवय काही जात नाही.”

पडद्यावर आत्या पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी कुर्र झालं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. मग हिरव्या साडीतली एक सडपातळ तरुणी पुढे आली. तिने हात वर उचलला.

आणि काकांनी यंत्र बंद केलं.

“काका, काय करताय?” विश्राम जवळजवळ किंचाळला. “आत्ताच तर आलं होतं. चित्र इतकं स्वच्छ दिसत होतं.”

काकांनी टेप अलगद सोडवली आणि टोकाला मऊ चामडं लावलेली काडी स्पिरिटमध्ये बुडवली. विश्रामने घाईघाईने ती त्यांच्या हातातून घेतली आणि हेडवर वर-खाली घासणार, तोच काकांनी त्याचं मनगट धरलं. “वर-खाली घासलंस तर टोक तुटेल, मग रविवारही गेला आणि नावही गेलं. काडी स्थिर धर, ड्रम मी फिरवतो.” त्यांनी बोटाने ड्रम हळूहळू फिरवला. काडी उचलली तेव्हा चामड्यावर तपकिरी रेघ उमटली होती. विश्राम तिच्याकडे बघतच राहिला.

“स्पिरिट वाळू दे, नाहीतर टेप चिकटेल,” असं म्हणून काका स्टुलावर बसले, आणि त्या दोन मिनिटांत ते जे बोलले त्यासाठीच मी ही गोष्ट सांगतो आहे.

“विश्राम, चित्र बिघडल्यावर कोणीही थांबतो. पण तोवर मळाचा कण हेड आणि टेप यांच्यामध्ये शिरून दोघांनाही खरवडत असतो. चित्र स्वच्छ दिसतंय तेव्हाच थांबावं लागतं, आणि तेच जड जातं. तू मागे म्हणालास ना, हे हेड झिजलंय, बदलून टाका? झिजलंय खरं. वीस वर्षं टेपला टेकत आलंय. टेकल्याशिवाय चित्र उमटत नाही आणि टेकलं की झिजणं आलंच, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण आयुष्य मोजकं असलं की ते चित्र दाखवण्यात झिजावं, कचऱ्यावर घासून झिजू नये. आपल्या हातात तेवढंच आहे.”

मग त्यांनी टेप पुन्हा बसवली, हाताने तिचं चाक जरासं मागे घेतलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

आत्या बाजूला झाली. हिरव्या साडीतली आई पुढे आली. तिने तळहात बाळाच्या छातीवर ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. ज्या बाईला बाळाचं रडणं ऐकू येत नाही, ती ते हातानेच ओळखणार. मग तिने तोच हात स्वतःच्या छातीवर नेला, दोन बोटांनी दोनदा टकटक केली, बाळाकडे बोट दाखवलं आणि हसली.

पुढच्या आठ सेकंदांत पडदा मुंग्यांनी भरून गेला. बायकांचं पाळण्याचं गाणं मागे ऐकू येत राहिलं, चित्र मात्र पुन्हा आलं नाही. विश्रामने सेकंद मोजले होते. मघाशी थांबलो नसतो तर त्या मुंग्या कुठे आल्या असत्या, हे त्याला कोणी समजावण्याची गरज नव्हती.

सुमेधा आपल्या छातीवरच्या दोन बोटांकडे पाहत होती. ती अजून टकटक करत होती. “म्हणजे मी इतकी वर्षं स्वतःलाच हाक मारत होते,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. काकांनी तिला पाणी दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

कॉपी घेऊन ती गेली. दुकानात दुसरी कुठलीही कॅसेट लावायची नव्हती. तरी विश्रामने काडी स्पिरिटमध्ये बुडवली, हात स्थिर धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रम फिरवायला सुरुवात केली. काकांनी पाहिलं आणि स्पिरिटची बाटली त्याच्याजवळ सरकवली.

आपलं सारं सुरळीत दिसत असतं, तेव्हा आपणही एकदा थांबून पाहावं.