तांबडी खूण

“मग शिक्का मला का देत नाही, मावशी? कारण तरी सांगा.”

द्वारकामावशींनी मान वर केली नाही. लष्कराचा एक पोशाख त्यांच्यापुढं पालथा पडला होता आणि त्या बोटांनी त्याच्या शिवणी चाचपत होत्या.

“दोन महिने झाले मला इथं,” निवृत्ती म्हणाला. “सगळ्या शेडमध्ये माझ्या एकट्याच्या कपड्यावर तांबडी खूण नाही. एकही नाही!”

“म्हणूनच देत नाही.”

निवृत्तीला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

माळावरच्या त्या शेडमध्ये रबराचा थर दिलेल्या कापडाचे पोशाख शिवत. विषारी वायू सुटो की अणुभट्टीची धूळ उडो, आतल्या जवानाच्या अंगाला कणभर काही लागता कामा नये. शेडची रीत साधी होती. शिवताना चूक झाली, की ज्याची त्यानंच तिथं तांबड्या खडूनं खूण करायची आणि तो कपडा भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. कुणी बोलायचं नाही, कुणी हसायचं नाही. खिळ्याला न लागलेल्या कपड्यावर मावशी शिक्का मारायच्या. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शिक्का दुसऱ्या कुणाच्या हाती जायचाच होता.

तो आपल्यालाच मिळणार, हे निवृत्तीनं गृहीत धरलेलं. बार्शीच्या पेठेत सतरा वर्षं त्यानं नवरदेवांचे कोट शिवले होते. आणि मावशींच्या कपड्यांवर यंदा तेरा खुणा लागल्या, हे त्यानं मनातल्या मनात मोजून ठेवलं होतं.

“हा कुणी शिवला?” मावशींचं बोट डाव्या बगलेपाशी थांबलं होतं.

“मीच. बाहेर गाडीत भरलेले एकेचाळीसही माझेच. हा बेचाळिसावा.”

“जुबेदा, पंप आण गं.”

शेजारच्या मशीनवरच्या जुबेदानं गळा, बाह्या आणि पाय आवळून बांधले नि वारा भरला. पोशाख टेबलावर फुगून बसला, मुंडकं नसलेल्या माणसासारखा. मावशींनी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि बगलेवरून फिरवलं.

काहीच नाही.

“बघा,” निवृत्ती हसला.

“बघ,” मावशी म्हणाल्या.

…एक बुडबुडा. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग ओळीनं सगळे, शिवणीवर चिकटवलेल्या पट्टीपासून बोटभर अंतरावर.

निवृत्तीचं हसू मावळलं. ती ओळ त्याच्या ओळखीची होती.

“शिवण जराशी वाकडी गेली होती,” तो म्हणाला. “उसवून सरळ केली. कोटाला करतो तशी. सांगा ना, दिसते का कुठं?”

“छे! तुझा हातच तसा आहे.”

मावशींनी फडकं पिळलं.

“सुती कापडावरून इस्त्री फिरवली की ते सुईचं भोक विसरतं,” मावशी म्हणाल्या. “हे कापड विसरत नाही. असे किती उसवलेस?”

निवृत्तीला आठवत नव्हतं. आठवू नये इतकं बेमालूम काम केलं होतं त्यानं.

“नवरदेवाला घाम फुटला गं बाई,” जुबेदा पुटपुटली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. हवालदार धोंडगे दारात येऊन उभा राहिला. “आटपा की मास्तर! उद्या वायुगळतीच्या जागी जायचंय. पहिला पोशाख मीच चढवणार आहे.”

निवृत्तीनं मावशींकडं पाहिलं. आता ही बाई आपल्याला सगळ्यांदेखत सोलणार.

मावशींनी खडू उचलला. तो त्यांनी कपड्याला लावला नाही. ज्या लाकडी शिक्क्यानं त्यांनी एकेचाळीस पोशाख पास केले होते, त्याच्या मुठीवर त्यांनी तांबडी रेघ ओढली.

“ही माझी चौदावी,” त्या म्हणाल्या. आणि खडू निवृत्तीपुढं धरला.

निवृत्तीनं खडू घेतला. बगलेपाशी खूण केली, पोशाखातला वारा सोडला आणि सगळ्या शेडसमोरून चालत जाऊन तो खिळ्याला टांगला. मग सरळ गाडीपाशी गेला आणि गठ्ठे खाली ओढू लागला.

“अहो, हे काय?” हवालदार ओरडला. “माल पास झालाय! उशीर झाला तर साहेब मला फाडून खातील.”

“खाऊ देत. ह्यातले काही फुटके आहेत. कुठले, ते मलाच माहीत नाही. चूक माझी आहे, साहेबांना माझं नाव सांगा… पलीकडची दोरी धरा.”

हवालदारानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग दोरी धरली.

एकेक पोशाख फुगवायचा, पुसायचा, वाट बघायची. जेवायची सुट्टी झाली नि संपली. जुबेदानं भाकरी आणून ठेवली, ती तशीच वाळली. साबणानं निवृत्तीच्या बोटांची सालटं निघाली. प्रत्येक ओळ सापडली की तो खडू ओढायचा आणि स्वतःच मोठ्यानं आकडा म्हणायचा.

दिवस कलला तेव्हा भिंतीवर त्याचे नऊ पोशाख लटकत होते. तेहेतीस गाडीत चढले. मावशी सकाळपासून बसल्या होत्या त्या मळक्या स्टुलावरून उठल्या, निवृत्तीपाशी आल्या आणि तांबडी रेघ ओढलेला शिक्का त्याच्या हातात ठेवला.

“धर.”

“आज?” निवृत्तीला कळेना. “मावशी, आज तर माझ्या नावावर नऊ खुणा लागल्या. सकाळी एकही नव्हती, तेव्हा नाही म्हणालात.”

मावशी डोक्यावरचा पदर सावरत दाराकडं निघाल्या होत्या.

“सकाळी तुला चुकता येत नव्हतं.”